‘हे तर आधीच माहीत होते!’ पण पुरावा?

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्या घरात ॲम्लोडिपिन हे नाव नवे नाही. पण स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचली, तर तिथे बहुतेक वेळा नुसते ॲम्लोडिपिन नसते. ‘ॲम्लोडिपिन बेसिलेट’ असे छापलेले असते. या शेवटच्या शब्दाकडे रुग्ण पाहत नाही आणि डॉक्टरच्या चिठ्ठीतही तो नसतो. मात्र याच एका शब्दावरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. औषध स्वस्त कधी होणार, हे त्या खटल्यातल्या एका साध्या प्रश्नावर अवलंबून होते. हा क्षार शोधून काढणे ही कल्पकता होती, की या क्षेत्रातल्या कोणत्याही जाणकाराला ते सुचलेच असते?

पेटंटच्या बहुतेक वादांचे मूळ याच प्रश्नात असते. वाद वकिलांचा दिसतो, पण त्याचे बिल शेवटी रुग्णाच्या हातात येते. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज थोडे कायद्याविषयी.

दोन वेगळे प्रश्न

पेटंट म्हणजे ठरावीक काळापुरती मक्तेदारी. आज ती अर्ज केल्यापासून वीस वर्षे चालते. संशोधकाने आपला शोध जगापुढे उघड करायचा आणि त्या बदल्यात तेवढी वर्षे इतरांनी तो वापरायचा नाही, असा हा सौदा आहे. सौद्यात समाजाला काहीतरी नवे मिळाले पाहिजे, ही त्यातली मूळ अट. आधीच सगळ्यांचे असलेले कुणा एकाच्या नावावर करून देण्यात समाजाचा तोटाच आहे.

ही अट दोन कसोट्यांवर तपासली जाते. पहिली कसोटी नावीन्याची. अर्जाच्या तारखेपूर्वी जे काही लोकांना उपलब्ध होते, म्हणजे छापलेले लेख, जुनी पेटंटे, ग्रंथ, उघडपणे झालेला वापर, त्या सगळ्याला ‘पूर्वज्ञान’ म्हणू. त्यातल्या एखाद्याच नोंदीत तो शोध पूर्णपणे सापडला, तर नावीन्य संपले.

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे. शोध जसाच्या तसा कुठे लिहिलेला नाही, पण त्याचे तुकडे चार ठिकाणी पडलेले आहेत. ते जोडणे जाणकाराला सहज सुचले असते का? सुचले असते, तर तो शोध ‘उघड’ ठरतो आणि पेटंट मिळत नाही. इथे जाणकार म्हणजे नोबेल विजेता नव्हे आणि रस्त्यावरचा सामान्य माणूसही नव्हे. त्या विषयाचे चांगले शिक्षण घेतलेला, नेहमीचे काम नीट करणारा, त्या दिवसापर्यंतचे सगळे लेखन वाचलेला असा हा काल्पनिक माणूस असतो. औषधाच्या बाबतीत गोळ्या तयार करणारा अनुभवी औषधनिर्माणतज्ज्ञ डोळ्यांपुढे आणला तरी चालेल.

त्रेपन्न नावांची यादी

आता ॲम्लोडिपिनकडे वळू. पुष्कळ औषधांचा मूळ रेणू गोळीत जसाच्या तसा घालता येत नाही. तो एखाद्या आम्लाशी जोडून त्याचा क्षार करतात, म्हणजे तो नीट विरघळतो, टिकतो आणि यंत्रात दाबता येतो. शरीरात गेल्यावर काम मूळ रेणूच करतो. फायझर कंपनीच्या ॲम्लोडिपिनच्या मूळ पेटंटमध्ये मॅलिएट क्षाराला पसंती दिलेली होती. पण त्याच्या गोळ्या करताना दोन अडचणी आल्या. औषध रासायनिकदृष्ट्या पुरेसे टिकेना आणि मिश्रण गोळ्यांच्या यंत्राला चिकटू लागले. तेव्हा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दुसरे क्षार करून पाहिले आणि त्यातून बेसिलेट निवडला. या क्षाराला १९८९ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र पेटंट मिळाले. मूळ रेणूचे पेटंट आधी संपणार होते. क्षाराचे त्यानंतरही चालू राहणार होते.

कॅनडाच्या अपोटेक्स कंपनीने या दुसऱ्या पेटंटला आव्हान दिले. खालच्या न्यायालयात २००६ मध्ये फायझर जिंकली. अपोटेक्स अपिलात गेली आणि मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निकाल फिरवला.

अपिलात महत्त्वाचा ठरला तो १९७७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या एका नियतकालिकात आलेला लेख. अमेरिकेत बाजारात असलेल्या औषधांमध्ये कोणकोणते क्षार वापरले जातात, याची त्यात यादी होती. एकूण त्रेपन्न नावे, आणि त्यात बेसिलेटही होता. फायझरचे म्हणणे असे की त्रेपन्नातला नेमका कोणता चालेल हे आधी कुणीच सांगू शकत नव्हते, शिवाय त्या यादीत बेसिलेट फारच क्वचित वापरलेला दिसत होता. न्यायालयाचे उत्तर असे होते: मॅलिएटची अडचण माहीत होती, दुसरा क्षार करून पाहणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय होता, आणि उपलब्ध माहितीवरून ती यादी मोजक्या नावांपर्यंत आणता येत होती. उरलेली नावे प्रयोगशाळेत तपासून पाहणे हे रोजचे काम आहे. यशाची वाजवी अपेक्षा असली की पुरे. खात्री असावी लागत नाही. बेसिलेटने गोळी करणे सोपे झाले हे खरे, पण रुग्णाच्या उपचारात त्यामुळे अनपेक्षित असे काही घडले नाही.

त्या पेटंटची मूळ मुदत तेव्हा जवळजवळ संपलेलीच होती. पण मुलांवरील चाचण्या केल्याबद्दल अमेरिकेत सहा महिन्यांची जादा मक्तेदारी मिळते आणि ती या पेटंटला चिकटलेली होती. अब्जावधी डॉलरची वार्षिक विक्री असलेल्या गोळीच्या बाबतीत सहा महिनेही थोडे नसतात.

भारतात हा प्रश्न तेव्हा आलाच नाही. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंटच नव्हते, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर ते दार उघडले आणि असे वाद आपल्या दारातही आले.

हळदीने शिकवलेला धडा

‘आधीच माहीत होते’ हे म्हणणे सोपे असते, दाखवणे कठीण. हळदीचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. जखम भरण्यासाठी हळदीची पूड वापरण्याचे पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळाले. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई हळद लावते, हे कुणाला सांगावे लागत नाही. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात दुसऱ्या देशातला नुसता वापर पूर्वज्ञानात मोजला जात नसे. तिथे लागत होती छापील, तारखेची नोंद. आजीचा बटवा पुरावा म्हणून चालणार नव्हता.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने जुने ग्रंथ आणि आधुनिक लेख मिळून बत्तीस संदर्भ सादर केले. त्यात १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्या पेटंटमधले सगळे दावे फेटाळले. भारतीय डॉक्टरांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी नीट लिहून ठेवलेली माहिती कामी आली.

अमेरिकेचा तो नियम पुढे बदलला. २०११ च्या सुधारणेनंतर जगात कुठेही झालेला उघड वापर तिथेही पूर्वज्ञान ठरू शकतो. युरोपात तो आधीपासूनच ठरत होता, आणि कडुनिंबाच्या खटल्यात त्याचा उपयोग झाला. पिकांवरची बुरशी रोखण्यासाठी निंबोळी तेल वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हरकत घेतली. त्या सुनावणीत एका भारतीय कारखानदाराची साक्ष झाली. आपण हे काम कितीतरी आधीपासून करत होतो, असे त्यांनी सांगितले. २००० मध्ये पेटंट रद्द झाले. पेटंटधारक अपिलात गेले आणि मार्च २००५ मध्ये ते अपीलही फेटाळले गेले. हरकतीपासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षे लागली.

या अनुभवातून सीएसआयआर आणि आयुष विभाग यांनी २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय सुरू केले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतली माहिती त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली आहे. परदेशातल्या परीक्षकाला संस्कृत येत नाही म्हणून आपले ज्ञान ‘नवे’ ठरू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

कंपनीचीच कागदपत्रे

कधीकधी सर्वात भक्कम पुरावा समोरच्याच्या कपाटात असतो. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे इमॅटिनिब हे औषध ‘ग्लिव्हेक’ नावाने विकले जाते. नोव्हार्टिस कंपनीने त्याच्या मेसिलेट क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात १९९८ मध्ये अर्ज केला. रुग्णांच्या संघटनेने आणि औषध कंपन्यांनी हरकत घेतली. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. पुढे अपील न्यायाधिकरण आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, असा त्याचा प्रवास झाला.

नोव्हार्टिसचे म्हणणे होते की आधीच्या पेटंटमध्ये मूळ रेणू होता, मेसिलेट क्षार नव्हता. पण अमेरिकेत औषधाला परवानगी मागताना ग्लिव्हेक हे त्याच जुन्या पेटंटखाली येते, असे कंपनीने स्वतःच नोंदवले होते. ब्रिटनमध्ये एका भारतीय कंपनीला पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीतही त्याच जुन्या पेटंटचा आधार घेतलेला होता. एका देशात जुन्या पेटंटच्या कक्षेत आहे म्हणायचे आणि दुसऱ्या देशात नाही म्हणायचे, हे न्यायालयाने मान्य केले नाही.

१ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. आपल्या कायद्यातले कलम ३(ड) सांगते की ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप हा शोध नव्हे. त्या रूपाने परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागते. न्यायालयाने स्पष्ट केले की औषधाच्या बाबतीत याचा अर्थ रोगावरची परिणामकारकता. पावडर चांगली वाहते, ओलावा कमी धरते, जास्त टिकते, हे गुण चांगले आहेत, पण ते रोग बरा करत नाहीत. नवे रूप तीस टक्के जास्त शोषले जाते, असा दावा होता. त्यामुळे रुग्णाला अधिक फायदा होतो, याचा पुरावा मात्र दिलेला नव्हता. त्या काळात ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये सांगितला जात होता आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार. हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

दोन रुग्णांची हरकत

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला सर्वात जवळचे वाटावे असे प्रकरण क्षयरोगाच्या औषधाचे आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात पूर्वी महिनोन्महिने इंजेक्शने द्यावी लागत. त्यांच्या दुष्परिणामांत कायमचे बहिरेपण हा एक होता. बेडाक्विलिन या गोळीमुळे इंजेक्शनांशिवाय उपचार शक्य झाले. तिच्या मूळ रेणूचे भारतातले पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. पण जॉन्सन अँड जॉन्सन समूहाचा त्याच रेणूच्या फ्युमॅरेट क्षारासाठीचा अर्जही प्रलंबित होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये या अर्जाला हरकत घेतली. दोघीही क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती उपचारात गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ज्ञात रेणूचा ज्ञात पद्धतीने केलेला क्षार म्हणजे शोध नव्हे, हाच इथेही मुद्दा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक औषध पुरवठा यंत्रणेने जाहीर केलेली सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत १३० डॉलरपर्यंत खाली आली. आधीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी. त्यामागे मूळ पेटंट संपणे, जागतिक दबाव आणि भारतीय कंपन्यांची स्पर्धा ही सगळीच कारणे होती. पण क्षाराचा अर्ज मंजूर झाला असता तर भारतीय कंपन्यांच्या वाटेत तो अडथळा उभाच राहिला असता.

नंतरचे शहाणपण

इथवर वाचून औषध कंपन्यांचे सगळेच दावे पोकळ असतात, असे कुणाला वाटेल. तसे नाही. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. पोटातल्या व्रणामागे जंतू असतो, हे आज वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत आहे. पण ऐंशीच्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते मांडले तेव्हा जाणकारांनीच त्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. आजच्या चष्म्यातून पाहून ‘हे उघडच होते’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

म्हणून न्यायालये काही बाह्य खुणाही पाहतात. ती गरज अनेक वर्षे पुरी झालेली नव्हती का? इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का? मिळालेला परिणाम जाणकारांना अनपेक्षित होता का? उत्तरे ‘हो’ अशी असतील तर शोधाला मान मिळायला हवा. इमॅटिनिबचा मूळ रेणू असा खरा शोध होता. त्याच्या स्फटिकाच्या एका रूपाची गोष्ट वेगळी होती.

अपील म्हणजे नवा डाव नव्हे

या सर्व प्रकरणांतून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. अपिलात साधारणपणे खाली दाखल झालेल्या कागदांवरूनच निकाल होतो. जुना लेख नंतर सापडला म्हणून तो दाखल करता येईलच, असे नाही. मंजूर झालेले पेटंट वैध आहे, असे अमेरिकेतले न्यायालय गृहीत धरते. ते पाडायचे तर स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा लागतो. भारतात असे गृहीत धरले जात नाही, तरी मंजूर पेटंट पाडण्यापेक्षा मंजुरीपूर्वीच हरकत घेणे सोपे आणि स्वस्त असते. आपल्या कायद्यात मंजुरीपूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. नंदिता वेंकटेशन यांनी घेतली ती याच तरतुदीखाली. मंजुरीनंतर मात्र एका वर्षाच्या आत आणि हितसंबंध असलेल्यालाच हरकत घेता येते. २०२४ च्या नियमबदलानंतर मंजुरीपूर्व हरकतीसाठी शुल्क भरावे लागते आणि ती स्वीकारायची की नाही हे आधी तपासले जाते. त्यामुळे सामान्य माणसासाठी ही वाट पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण बंद झाल्यापासून अशी अपिले उच्च न्यायालयात जातात.

वैद्यकीय क्षेत्रातल्यांना यातून घेण्यासारखे काय आहे? जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत रोज कितीतरी छोट्या युक्त्या वापरल्या जातात. एखादे मलम जरा वेगळ्या प्रकारे वापरणे, मुलांसाठी गोळीचे द्रावण करण्याची पद्धत, ड्रेसिंगचा एखादा प्रकार. बहुतेक वेळा हे ज्ञान वॉर्डातल्या सिस्टरकडून नव्या सिस्टरकडे तोंडी जाते आणि तिथेच राहते. ते लिहून, तारखेसह, एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तर ते सगळ्यांचे होते. उद्या कुणी त्यावर मक्तेदारी मागितली, तर तो लेख आडवा येईल. १९५३ मध्ये हळदीवर लिहिणाऱ्यांना आपला लेख पुढे कधी अमेरिकेत पुरावा होईल, याची कल्पनाही नसेल. त्यांनी फक्त जे पाहिले ते नीट नोंदवले होते.